पणजोबांचा धंदा

वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा : तुझे पणजोबा पोटासाठी काय करीत? वडिलांचा धंदा प्रत्येकाला ठाऊक असतो, आजोबांचा बहुतेकांना. पणजोबांपाशी आले की निम्मा वर्ग छताकडे पाहू लागतो आणि उरलेला ‘शेती’ म्हणून मोकळा होतो. हे उत्तर चुकीचेच असते असे नाही; पण पुष्कळदा ‘ठाऊक नाही’ याचेच ते दुसरे नाव असते. गावात नांगर धरणारा होता तसा नांगर घडवणारा होता, फाळ शेवटणारा होता, घाणा चालवणारा, मडकी भाजणारा, ताडावर चढणारा होता. त्यांची पणतवंडे कुठे गेली? ती याच वर्गात बसली आहेत.

आम्ही विज्ञानाचे माणूस. एखादी गोष्ट घडली होती असे म्हणायचे तर तिचा पुरावा कोणता आणि तो किती वजनाचा, हे पाहण्याची आम्हांला सवय. त्या सवयीने या प्रश्नाकडे पाहिले, तेव्हा तो दिसतो त्याहून अवघड आणि त्याहून रंजक निघाला. शिवाय निदान डहाणू-तलासरीसारख्या भागात तो नुसता हौसेचा नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्याचा जातीचा दाखला, वनहक्काचा दावा आणि त्यापुढचे शिक्षण अवलंबून असते.

आधी थोडे गणित. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षे धरतात. वनहक्क कायद्याने (२००६) तर पिढी म्हणजे २५ वर्षे अशी व्याख्याच करून टाकली आहे. आज दहावीत असलेल्या मुलाचे पणजोबा त्या हिशेबाने १९२० ते १९४० च्या सुमारास जन्मलेले. म्हणजे आपण शिवकाळात शिरत नाही. पुष्कळ गावांत त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. दुसरे असे की, पणजोबा एक नसतात. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांचे आईवडील आठ. आपण त्या आठांपैकी फक्त एकाचा, वडिलांच्या वडिलांच्या वडिलांचा, माग काढतो आणि त्याला घराणे म्हणतो. उरलेल्या सातांत एखादी कुंभारीण असू शकते, जिने चाकाला हात लावला नसेल, पण आयुष्यभर माती मळली. तिचा धंदा कोणत्याही रकान्यात सापडणार नाही. हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता प्रत्यक्ष एक गाव घेऊ. डहाणू रेल्वे स्टेशनाजवळचे सरावली. समजा, तिथल्या एका विद्यार्थिनीला घरी एवढेच कळले आहे की, पणजोबा सुतारकाम करीत. ती एक जुना शाळेचा दाखला घेऊन येते. त्यावर ‘सरावली, जिल्हा ठाणे’ असे लिहिले आहे. काम झाले असे वाटते. पण अडचण इथेच सुरू होते. जुन्या ठाणे जिल्ह्यात सरावली एक नाही. एक डहाणूजवळ, एक बोईसरजवळ पालघर तालुक्यात आणि एक भिवंडी तालुक्यात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर तिन्ही सरावल्या ठाणे जिल्ह्यातच होत्या. तालुक्याचे नाव नसलेला दाखला त्यामुळे तीन गावांकडे बोट दाखवतो. पुष्कळ शोध चुकीच्या गावाच्या दप्तरात शिरतात आणि तिथे त्याच नावाचा भलताच माणूस सापडला की आनंदाने संपतात. गणू, लक्ष्मण, राघो ही नावे काही कमी नव्हती.

म्हणून पहिले काम माणूस शोधण्याचे नव्हे, जागा पक्की करण्याचे. जागा पक्की करायची तर सीमा केव्हा केव्हा हलल्या ते पाहावे लागते. हा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर मराठ्यांकडे आला आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात गेला. पूर्वेला जव्हारचे संस्थान १९४८ पर्यंत वेगळे होते, त्याचे दप्तर वेगळे. उत्तरेला दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत आणि दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली पुष्कळ गावे गुजरातला गेली. तलासरीकडच्या एखाद्या कुटुंबाचे आजोळ एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले, त्याबरोबर गावाचे कागदही. या पट्ट्यात जुनी नोंद मराठीत, मोडीत किंवा गुजरातीत, कशातही असू शकते. शोधणाऱ्याने तिन्हींची तयारी ठेवावी, निदान वाचून देणारा माणूस गाठून ठेवावा.

जागा ठरली की पुढचा प्रश्न : या माणसाला कागदावर कोणी आणि कशासाठी आणले असेल? आमच्या मते या साऱ्या शोधाची किल्ली इथे आहे. जुन्या काळी कोणी कोणाची नोंद सहज म्हणून ठेवत नसे. कर घ्यायचा असेल, पगार द्यायचा असेल, कर्ज वसूल करायचे असेल किंवा मालकीचा तंटा असेल तरच बोरू उचलला जाई. जमीनधारकाची नोंद म्हणून विपुल आहे. १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी-आकारणीची पद्धत बसवली, तिच्यातून प्रत्येक शेताला नंबर मिळाला आणि त्या नंबरासमोर सारा भरणाऱ्याचे नाव आले. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली. फेरफार आणि सातबारा ही तिचीच पिलावळ. एखादा खातेदार वारला की वारसांची नावे फेरफाराला लागतात, त्यामुळे जमीनवाल्याच्या तीन-चार पिढ्या एकाच वहीत उलगडतात. आपल्या सुताराची स्वतःची जमीन नसेल तर या साऱ्या दप्तरात तो कुठेच नाही. त्याने घडवलेली नांगरांची जोते शंभर शेतांतून चालली असतील. वहीत फक्त शेते आहेत.

घाटावर याला एक पळवाट आहे. तिथे बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे आणि काही गावांत सेवेबद्दल इनामजमीनही असे. ‘सुतारकी’, ‘लोहारकी’ अशा नोंदी इनामपत्रकात सापडतात. त्यांत माणसाचा धंदा स्वच्छ लिहिलेला असतो, कारण जमीन धंद्यासाठीच दिलेली होती. मुंबई राज्यात १९५३ च्या कायद्याने लोकोपयोगी सेवेची ही इनामे रद्द झाली, आणि ती रद्द करताना पुन्हा एकदा कागद झाले. संस्था मोडतानाचा कागद ती चालू असतानाच्या कागदाहून तपशीलवार असतो, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना वारंवार येतो. पण उत्तर कोकणात, आणि त्यातही विखुरलेल्या पाड्यांच्या डहाणू भागात, बलुत्याची घडी घाटावरच्यासारखी पक्की नव्हती. इथे दुसरीकडे पाहावे लागते.

उदाहरणार्थ ताड. डहाणूच्या किनाऱ्याला ताड आणि शिंदी यांची कमतरता नाही. झाडावर चढून, पोगा छाटून, मडके बांधून रस उतरवणे हा कसबाचा धंदा. भंडारी समाजातल्या अनेक कुटुंबांचा तो पिढीजात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या धंद्याला परवाना लागू लागला आणि झाडागणिक कर बसला. झाड छेदायचे तर सरकारदरबारी नाव नोंदवणे आले. भूमिहीन असूनही ताडी काढणारा कागदावर येतो तो असा. सुताराच्या रंध्यावर सरकारने कर बसवला नाही, म्हणून सुतार निसटला. करातून सुटणे आणि इतिहासातून सुटणे या पुष्कळदा एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतात.

याच भागातली दुसरी एक नोंद अशी आहे की, ती न सापडती तर बरे असे वाटावे. वारली व इतर आदिवासी कुटुंबांतला तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. फिटणे क्वचितच होई. या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याचे नाव सरकारी वहीत नसले तरी सावकाराच्या खतावणीत असे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला सादर केलेल्या १९३९ च्या अहवालात या स्थितीचे वर्णन आले. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची प्रथा झुगारून देण्याचे ठरवले. त्या वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुष्कळ शिक्षकांनी वाचलेले असेलच. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून कसणाऱ्याला मालक करण्याची तरतूद केली, आणि त्या कायद्याच्या ३२-ग कलमाखालच्या चौकश्यांत कुळाचे नाव, बापाचे नाव, किती वर्षे कसतो, हे सारे नोंदले गेले. ज्यांच्या पूर्वजांचे नाव तोवर फक्त कर्जदार म्हणून लिहिले गेले होते, त्यांचे नाव इथे पहिल्यांदा हक्कदार म्हणून आले. हे कागद तहसील कचेरीत असतात आणि वंशावळ शोधणारे ते फारसे पाहत नाहीत. पाहावेत.

आता आडनावाविषयी. ‘सुतार’ आडनाव आहे म्हणजे पूर्वज सुतार होता, इतके ते सरळ नसते. महात्मा जोतीराव फुल्यांचेच घराणे घ्या. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव साताऱ्याकडचे कटगुण. तिथून पणजोबा पुरंदर भागातल्या खानवडीला आले. आजोबा शेटिबा पुढे पुण्यात आले, आणि त्यांचे मुलगे फुलांच्या धंद्यात पडले. पेशव्यांच्या वाड्यावर फुले, हार, गजरे पुरवू लागले. लोक त्यांना फुले म्हणू लागले. म्हणजे ज्या आडनावाने हे घराणे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते जोतीरावांच्या जन्माआधी (१८२७) फक्त एका पिढीमागे चिकटले होते. ‘फुले’ हे नाव धरून मागे जाणारा शोधक पुण्यातच थांबेल. पुढे जायचे तर त्याला ‘गोऱ्हे’ माहीत पाहिजे. आणि धंद्याचा शिक्का बसला म्हणून धंदा कायमचा राहिला असेही नाही. स्वतः जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता.

याच्या उलट उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचे. अलिबाग-पेण भागात शतकानुशतके राहिलेले हे मराठीभाषक ज्यू मुख्यतः तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे मात्र पेणकर, किहिमकर, दिवेकर, नागावकर अशी. तिथे आडनाव गाव सांगते आणि धंद्याविषयी मौन पाळते. फुल्यांचे आडनाव धंदा सांगते आणि गाव झाकते. धंदा कळतो तो शेजाऱ्यांनी ठेवलेल्या नावावरून. शनिवारच्या सुट्टीची आठवण ही या बाबतीत एखाद्या ताम्रपटाइतकी मोलाची ठरली.

या समाजाचा २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास आमच्या कामाच्या जवळचा आहे. त्यातून असे दिसले की, बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा मोठा वाटा असून हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागे झाला असावा. परंपरेने सांगितलेल्या गोष्टीतला एक भाग अशा रीतीने रेणूंच्या साक्षीने तपासता आला. पण हल्ली लोक थुंकीची डबी परदेशी प्रयोगशाळेत पाठवून पूर्वजांचा पत्ता मागतात, त्यांना एक सांगावेसे वाटते. डीएनए नाते सांगतो, धंदा सांगत नाही. घाणा चालवल्याची खूण जनुकात उमटत नाही. तेली कोण, सुतार कोण, हे माणसांनी माणसांविषयी सांगितलेले असते, आणि ते माणसांकडूनच किंवा त्यांच्या कागदांतूनच कळणार.

हातावर पोट असलेल्या एखाद्या कारागिराचे नाव अडीचशे वर्षांनंतरही ठळक उरते, ते केव्हा? लवजी नसरवानजी वाडिया हे त्याचे नमुनेदार उदाहरण. सुरतेत जहाजबांधणी करणारा हा पारशी सुतार १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला आणला. बरोबर आणखी काही सुतार होते. मुंबईच्या गोदीत १७५० साली कोरडी गोदी झाली. लवजींच्या वंशजांनी दीडशे वर्षे तिथे जहाजे बांधली. १८१७ साली सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. याच घराण्यातले अर्देशर करसेटजी १८४१ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रंध्यापासून रॉयल सोसायटीपर्यंतचा हा प्रवास पिढीवार सांगता येतो, कारण कंपनी दर पगाराची, दर बक्षिसाची, दर फळीची नोंद करीत होती आणि ती लंडनला पाठवीत होती. लवजी मोठे कारागीर होते यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर आलेल्या सुतारांची नावे आज किती जणांना सांगता येतील? कसब त्यांच्याही हातात असणार. पत्रव्यवहार मात्र वरच्या माणसाच्या नावाने होतो.

मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या बाबतीत नियतीने गंमतच केली आहे. १८३४ पासून करारावर तिथे सुमारे साडेचार लाख भारतीय नेले गेले. त्यांत कोकणातले आणि देशावरचे मराठी लोकही होते. माणूस पळून गेला तर ओळखता यावा म्हणून प्रत्येकाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि जहाज लिहून घेत. पुढे छायाचित्रेही काढू लागले. ही रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत, आणि तिथले मराठी वंशज त्यांच्या आधारे आपले मूळ गाव शोधतात. जो भाऊ गावात मोकळा राहिला त्याचा पत्ता नाही. जो करारात बांधला गेला त्याची इंचांत उंचीसुद्धा उपलब्ध आहे.

आता परत सरावलीच्या मुलीकडे येऊ. तिच्या पणजोबांना जमीन नाही, परवाना नाही, कंपनी नाही. जनगणनेचा उपयोग होईल का? आपल्याकडे १८७२ पासून जनगणना झाल्या आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आल्या. २०२१ ची मात्र लांबली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी जुन्या जनगणनेची घरवार नोंद लोकांना खुली होते आणि तिथले हौशी लोक तीत आपला लोहार-चांभार पूर्वज क्षणात काढतात. आपल्याकडे तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गुप्त आहे. आपल्या हाती येतात ते फक्त बेरजेचे तक्ते. आणि जुन्या तक्त्यांत जात आणि धंदा यांची इतकी सरमिसळ आहे की, ‘सुतार अमुक हजार’ यावरून रंधा धरणारे किती, ते कळत नाही.

जन्ममृत्यूची नोंद पूर्वी गावच्या दप्तरात, गावनमुना १४ मध्ये असे. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखतात. तीत मुलाच्या बापाचे नाव आणि जात मिळते. पुढे १९६९ च्या कायद्यानंतर ही नोंद ग्रामपंचायतीकडे आली. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगाव हीच पुस्तके बाहेर निघाली आणि मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत तेही सर्वांना कळले.

पण सर्वांत भरवशाचा कागद शाळेत आहे. शाळेचे जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण. प्रवेशाचे जुने अर्ज उरले असतील तर त्यांवर पालकाचा धंदाही. जमीन असो वा नसो, मूल एकदा शाळेत आले की कुटुंब कागदावर आले. पुष्कळ घरांचा लिखित इतिहास खरोखर या रजिस्टरातल्या एका ओळीपासून सुरू होतो.

या ओळीला कायद्यात फार वजन आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर तो पुरावा शाळेत असतो. नसतील, तर चुलत आजोबांचा, आजोबांच्या बहिणीचा शोध घ्यावा लागतो, आणि मग नाते सिद्ध करायला वंशावळ लागते. जुन्या, विशेषतः स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. आणि नंतर खाडाखोड करून जात बदललेल्या रजिस्टरांची प्रकरणेही न्यायालयांपुढे आली आहेत. वनहक्काच्या दाव्यातही नियमांनी दोन गोष्टी पुरावा म्हणून मान्य केल्या आहेत : जुन्या नोंदीतल्या व्यक्तीपर्यंत पोचणारी वंशावळ, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब.

म्हणून रजिस्टर वाचताना ते कसे भरले जाई हे शिक्षकाला कळले पाहिजे. जन्मतारखेचेच पाहा. कोणत्याही जुन्या शाळेतल्या शंभर-दोनशे तारखांचा स्तंभालेख मुलांकडून काढून घ्यावा. बाराही महिन्यांत साधारण सारखे जन्म असायला हवेत. प्रत्यक्षात १ जूनला एक मनोरा उभा राहतो. शाळा जूनमध्ये सुरू होई, आईबापांना तारीख ठाऊक नसे, गुरुजी १ जून टाकत. वर्षही अंदाजाने. मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, ही तेव्हाची परीक्षा. ती अगदीच वेडगळ नव्हती. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात, सहा-सातव्या वर्षाच्या सुमारास हे प्रमाण बदलते. पण तिच्यात वर्ष-दीड वर्षाची चूक सहज राहते. १ जूनचा जन्म दिसला की त्या ओळीतले वय सैल धरावे आणि बाकीच्या रकान्यांना त्या चुकीची शिक्षा देऊ नये. जातीचा रकानाही गुरुजींनी ऐकले तसे, आपल्या समजुतीप्रमाणे भरलेला असे. एकाच घरातल्या दोन भावांपुढे दोन निराळे शब्द आढळतात, ते नेहमीच लबाडीमुळे नव्हे. मधल्या काळात हेडमास्तर बदललेले असतात.

आणि हे रजिस्टर टिकले पाहिजे. डहाणूची खारी, दमट हवा, वाळवी आणि कसर हे उघड शत्रू. त्यांहून वाईट शत्रू कागदाच्या पोटात असतो. चिंध्यांपासून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद आणि काजळीची शाई, या जोडीने लिहिलेले तीनशे वर्षांचे मोडी कागद आजही वळवता येतात. गेल्या शतकातला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र, त्यात शाई पसरू नये म्हणून घातलेल्या तुरटी-राळेमुळे हळूहळू आम्ल होत जातो. आम्लाने सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात आणि पान बिस्किटासारखे मोडते. आजोबांची १९४५ ची नोंद त्यांच्या पणजोबांच्या कागदाआधी नष्ट होणार, असा हा उलटा न्याय आहे. अशा पानांना चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ती उष्णता आणि ते प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही. कोरड्या कपाटात, भिंतीपासून दूर, सुती कापडाच्या बस्त्यात ठेवावे आणि प्रत्येक पानाचे, पानक्रमांक दिसेल असे, छायाचित्र काढून दोन ठिकाणी ठेवावे. मोबाइलवर हे काम दोन सुट्ट्यांत होते. मूळ पानावर दुरुस्ती, पांढरी शाई, पेन्सिलीची खूणसुद्धा करू नये.

मुलांकडून हा शोध करून घेताना एक पथ्य आहे. वर्गात कोणाचीही जात मोठ्याने वाचली जाता कामा नये, आणि लग्नगड्याच्या पणतवंडाला सावकाराच्या पणतवंडाशेजारी उभे करून ‘सांग’ म्हणू नये. धंद्याविषयी विचारावे, तेही अवजारापासून सुरुवात करून. घरात माळ्यावर एखादा वाकस, पटाशी, जुना रंधा, गिरमिट पडलेले असते. ते कोणाचे, त्याने काय काय घडवले, कोणत्या गावांना तो जाई, मजुरी पैशांत की भातात, हे म्हातारी माणसे अवजार हातात आले की सांगू लागतात. तारीख त्यांना आठवत नाही. ‘झरीच्या सभेच्या वर्षी’, ‘गांधीजी गेले तेव्हा’, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या साली’ हे आठवते, आणि १९४५, १९४८, १९६७ हे आकडे आपल्याला ठाऊक असतातच. असे दोन निरनिराळ्या घरांतले जबाब जुळले आणि त्यांना रजिस्टरातली एक ओळ मिळाली, तर सरावलीचा सुतार सापडला असे म्हणायला आमची हरकत नाही. जबाब लिहून, खाली सांगणाऱ्याची सही वा अंगठा आणि तारीख घेऊन ठेवावा.

त्याच वहीत पणजीचेही नाव, माहेरचे गाव आणि ती कोणते काम करी ते लिहून घ्यावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र सरकारने आवश्यक केले आहे : आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत दाखल होतील, आणि जनरल रजिस्टरात तो रकाना भरलेला असेल.